मेणावरचे ताफे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गृहस्थांच्या संगीतवेडाला देशाची वा भाषेची शीव ठाऊक नव्हती, असे चालकांनी निमंत्रण देताना मला सांगितले. आणि त्या एका वाक्याचा आधार धरूनच, ज्या व्यासपीठावरून एरवी ख्यालगायकीची वा नाट्यसंगीताची चर्चा व्हावयाची, तेथून शिकागो शहरातील काही कृष्णवर्णीय वादकांच्या एका ताफ्याविषयी बोलण्याचे धाडस मी करीत आहे. ताफा म्हटले खरे. परंतु कोणत्याही नृत्यगृहात रोज रात्री वाजविणारा, स्वतःचा मालक, स्वतःचा मुक्काम आणि स्वतःचा श्रोतृवर्ग असणारा असा तो ताफा कधी नव्हताच. तो होता केवळ मेणाच्या चकतीवर. आणि जॅझ या संगीताचा जो पाया आज सर्वमान्य आहे, तो ह्या अशा, रूढ अर्थाने अस्तित्वातच नसलेल्या ताफ्याने घातला, असे माझे म्हणणे आहे.

तारीख १२ नोव्हेंबर १९२५. शिकागोत ओके नामक कंपनीने ध्वनिमुद्रणासाठी पाच माणसांना पाचारण केले. कॉर्नेटवर चोवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. ट्राँबोनवर किड ओरी. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्झ. बँजोवर जॉनी सेंट सिर. आणि पियानोवर लुईची पत्नी लिल हार्डिन. लिल मेम्फिसची, बाकीचे चौघे न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर आणि मिरवणुकांत घडलेले. त्या दिवशी त्यांनी तीन गीते वाजविली आणि जो तो आपल्या चाकरीवर रुजू झाला. लुई आणि लिल ड्रीमलँड कॅफेत, ओरी लुईचा गुरू किंग ऑलिव्हर याच्या ताफ्यात, डॉड्झ केलीज स्टेबल्समध्ये, तर सेंट सिर डॉक कुकच्या मोठ्या वाद्यवृंदात. तबकडीवर मात्र नाव छापले गेले ते ‘लुई आर्मस्ट्राँग अँड हिज हॉट फाइव्ह’. या नावाची पाटी कोणत्याही गुत्त्याच्या दारावर लागली नाही. कंपनीनेच जाहिरातीखातर भरविलेल्या एखाददुसऱ्या जलशाखेरीज हे पाच जण या नावाने लोकांसमोर आले नाहीत.

मग हे संगीत कोणाचे म्हणावयाचे? वाजविणाऱ्यांचे, की बोलावणाऱ्या कंपनीचे, की ज्या यंत्रापुढे ते उभे राहिले त्या यंत्राचे?

यंत्रापासूनच आरंभ करू, कारण यंत्राचा अंमल त्या काळी फार कडक होता. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत १९२५ साली नुकती सुरू होत होती. त्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही काही काळ, सारा कारभार कर्ण्यावर चाले. पत्र्याचा एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मऊ मेणाची जाड चकती, एवढीच ती सामग्री. आवाज कमी करण्याची वा वाढविण्याची कळ नाही, चुकले तर खोडण्याची सोय नाही; झालेले मुद्रण तपासून पाहण्यासाठी वाजवावे, तर त्या वाजविण्यानेच मेण खराब व्हावयाचे. आवाजांचा तोल साधण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे माणसांना पुढे-मागे उभे करणे.

१९२३ च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इंडियाना प्रांतातील रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वाजवावयास गेला, त्या प्रसंगाची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. ही कंपनी मूळची पियानो बनविणाऱ्या स्टार कारखान्याची. मुद्रणाची जागा कारखान्याच्या आवारात, आणि लगतच लोहमार्ग, त्यामुळे गाडी आली की वादन थांबवून ती जाईपर्यंत तिष्ठत बसावे लागे. ऑलिव्हरच्या शेजारी दुसरा कॉर्नेट वाजविणारा तरुण आर्मस्ट्राँग इतका जोरकस, की कर्ण्यापाशी उभा राहिला तर गुरूचा आवाज बुडून जाई. म्हणून त्याला मागे, लिलच्या आठवणीप्रमाणे बारा-पंधरा फुटांवर, एकटे उभे करण्यात आले. नगारा वाजविणारा बेबी डॉड्झ. पण मोठ्या नगाऱ्याच्या दणक्याने सुई उडते म्हणून त्याच्या हाती लाकडी ठोकळ्यांसारखी किरकोळ सामग्री राहिली. बिल जॉन्सन हा वास्तविक दांडगे तंतुवाद्य पेलणारा, खर्ज सांभाळणारा वादक. त्याला तबकडीसाठी बँजो घ्यावा लागला. आणखी एक गोष्ट, तिचा संगीताशी संबंध नाही, परंतु काळाशी आहे: कृष्णवर्णीयांच्या जिवावर उठलेली कू क्लक्स क्लॅन ही संघटना त्या दिवसांत इंडियानात प्रबळ होती, आणि तिच्या प्रचारगीतांच्या तबकड्या पैसे घेऊन छापून देण्याचे काम हाच कारखाना करी. ज्या आवारातून ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग बाहेर पडले त्याच आवारातून तीही गाणी बाहेर पडली. व्यापाराला वर्ण नसतो असे म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण दोन्ही अंगांनी तपासून पाहावे.

आता विचार करा. त्या तबकड्या ऐकून, शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये ऑलिव्हरचा ताफा असाच वाजत होता, असे म्हणणे कितपत रास्त ठरेल? तेथे नगारा होता, खर्ज होता, नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका होता, आणि लोक नाचत आहेत तोवर एकच गीत लांबत राहण्याची मुभा होती. येथे दहा इंची तबकडीची जेमतेम तीन मिनिटे. (मला चालकांनी तासाभराचा अवधी दिला आहे, ऑलिव्हरने आपल्या तीन मिनिटांचा उपयोग माझ्याहून चांगला केला, यात वाद नाही.) म्हणून माझे पहिले सांगणे असे, की जुन्या तबकडीला त्या काळच्या रोजच्या संगीताचा दस्तऐवज समजू नये. तिच्यात पुष्कळ गाळलेले आहे. तथापि तिच्यात पुष्कळ असेही आहे, की जे तिच्याबाहेर कधी वाजलेच नव्हते. आणि त्या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

मुद्रणापुरतेच असे ताफे जमविण्याची गरज कंपन्यांना का पडली? १९१७ च्या २६ फेब्रुवारीस न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने न्यू ऑर्लीन्सच्या पाच गोऱ्या वादकांचे, ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडचे, मुद्रण केले आणि ती तबकडी तडाख्याने खपली. तिच्या एका बाजूवरील गीताच्या मालकीबद्दल पुढे शिकागोच्या न्यायालयात खटला गुदरला आणि न्यायाधीशाने मालकी कोणाचीच नाही असा निकाल दिला. त्यानंतर १९२० च्या ऑगस्टात मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचे ‘क्रेझी ब्लूज’ ओकेने मुद्रित केले, आणि कृष्णवर्णीय कुटुंबेही तबकड्यांवर पैसा खर्च करतात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाचे निराळे खातेच निघाले. खाते निघाले म्हणजे त्यात माल भरणे आले. प्रत्येक वेळी बांधलेला, नावाजलेला ताफा आणावा तर खर्च मोठा. त्यापेक्षा शहरातील चार-सहा कसबी माणसे सकाळी बोलवावी, त्यांच्याकडून चार बाजू वाजवून घ्याव्या, हातावर बिदागी ठेवावी आणि तबकडीवर कंपनीला सोयीचे नाव घालावे, हा मार्ग स्वस्त होता.

आणि नावांचा तर काय बाजार! न्यूयॉर्कमध्ये फिल नेपोलियन, मिफ मोल, फ्रँक सिन्योरेली या मंडळींचा ओरिजिनल मेम्फिस फाइव्ह हा ताफा. मेम्फिसशी त्यांचा संबंध नावापुरता. हीच मंडळी जेनेटसाठी वाजवू लागली म्हणजे ‘लॅड्ज ब्लॅक एसेस’ या नावाने कृष्णवर्णीय म्हणून खपत. पुढे रेड निकल्स हा कॉर्नेटवादक निघाला. त्याच्या ‘फाइव्ह पेनीज’मध्ये पुष्कळदा पाचांहून अधिक माणसे असत, आणि त्याच सुमाराची त्याच मेळातील माणसे दुसऱ्या कंपनीत ‘चार्ल्सटन चेसर्स’, तिसरीत ‘रेड हेड्स’ होऊन बसत. एडी लँग हा इटालियन घराण्यातील गोरा गिटारवादक. त्याने लॉनी जॉन्सन या थोर कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबर १९२८-२९ साली जी जोडवादने मुद्रित केली, त्यांवर त्याचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले. माणूस आंधळा नव्हता, विली नव्हता, डनही नव्हता. परंतु गोऱ्याने आणि काळ्याने शेजारी बसून वाजविलेले रेस खात्यात उघडपणे कसे दाखवावे? ज्या देशातील हॉटेलांच्या व्यासपीठांवर ही दोन माणसे सहसा एकत्र बसू शकली नसती, त्या देशात मुद्रणगृहाच्या बंद दाराआड ती बसली, आणि दोन गिटारांतील जे संभाषण त्यांनी केले ते केवळ त्या दाराआडच शक्य होते. लबाडीचे नाव आणि खरे संगीत एकाच तबकडीवर असू शकते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

नावांच्या या व्यवहारात आर्मस्ट्राँगही सापडला. ओकेशी त्याचा करार असताना १९२६ च्या मे महिन्यात हॉट फाइव्हमधील हेच पाच जण दुसऱ्या कंपनीत ‘लिल्ज हॉट शॉट्स’ म्हणून वाजवून आले, आणि त्यात लुईने गाऊनही घेतले! ओकेच्या अधिकाऱ्याने ती तबकडी लावून हा गाणारा इसम कोण अशी पृच्छा केली, तेव्हा लुईने, कोण आहे ते ठाऊक नाही परंतु पुन्हा असे होणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या आवाजाला खोटे नाव देणे कोणत्याही करारनाम्याच्या शक्तीबाहेरचे होते, एवढे तीतून कळते.

आता आपण मूळ विषयाच्या गाभ्याशी येऊ. पहिल्याच बैठकीत ‘गटबकेट ब्लूज’ हे गीत मुद्रित झाले. साधे, आयत्या वेळी बांधल्यासारखे. परंतु त्यात लुई एकेका साथीदाराला नावाने हाक मारतो, आणि ज्याचे नाव घेतले तो आपली कडवी वाजवून दाखवितो. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान फ्रेड गैसबर्गच्या कर्ण्यापुढे गायली, तेव्हा गाण्याच्या अखेरीस तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले, ते परदेशी कारखान्यातील माणसाला तबकडी ओळखता यावी म्हणून, असे सांगतात. शिकागोतील हे नाव घेणे निराळे आहे. येथे एक जण दुसऱ्यांची नावे घेतो, आणि ज्या व्यवसायात वादकाचे नाव सर्वांत आधी पुसले जाई त्या व्यवसायाच्या दप्तरात ती मेणावर कोरून ठेवतो. तबकडीवर छापलेल्या नावावर कंपनीची सत्ता होती. खोबणीत उमटलेल्या नावावर नव्हती.

न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या पद्धतीत कॉर्नेट चाल धरी, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलबुट्टी काढी, ट्राँबोन खालून आधार देई. सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांना ऐकत, मिळून वाजवावयाचे. एकट्याने पुढे येणे हा त्यातला अल्पविराम. ही पद्धत नृत्यगृहासाठी घडलेली होती. आता या मंडळींना अशा खोलीत आणा, की जेथे नाचणारे नाहीत, हॉटेलचा मालक नाही, नगारा नाही, खर्जाचे वाद्य नाही. काळ मोजावयाचा तो बँजोने आणि पियानोवरील डाव्या हाताने. मग काय होते? जागा मोकळी होते. गर्दी हटते, आणि त्या मोकळ्या जागेत एका माणसाचा विचार स्वच्छ ऐकू येऊ लागतो. जी उणीव म्हणून आली ती सोय ठरली. १९२६ च्या फेब्रुवारीतील ‘हीबी जीबीज’मध्ये लुई शब्द सोडून निरर्थक अक्षरांनी वाद्यासारखे गातो, शब्दांचा कागद हातातून पडला म्हणून तसे झाले, ही कथा इतकी गोड आहे की तिच्यावर विश्वास ठेवू नये. कागद पडला असेल वा नसेल, पण कंठाचे वाद्य करण्याची सिद्धता त्या क्षणी जन्मली नाही. मुद्रणगृहात तिला वाट मिळाली, इतकेच.

१९२७ च्या मे महिन्यात पाचांचे सात झाले. ओकेकडे आता विजेचे मुद्रण आले होते. बेबी डॉड्झ आणि ट्यूबावर पीट ब्रिग्ज अशी भर पडली, ओरी न्यूयॉर्कला असल्याने ट्राँबोन जॉन टॉमसकडे गेला. ‘पोटॅटो हेड ब्लूज’ हे त्या दिवसांतले. त्यात एके ठिकाणी साथीदार वाजविणे जवळजवळ सोडूनच देतात. चार मात्रांचा एक खंड धरला, तर दर दोन खंडांच्या पहिल्या मात्रेवर सर्वांचा मिळून एक ठोका, आणि मधला सारा अवकाश एकट्या कॉर्नेटच्या स्वाधीन. आपल्याकडील रसिकाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. समेची जाणीव ठेवून समेपासून दूर खेळत राहणे म्हणजे काय, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. फरक हा, की तेथे ही मोकळीक परंपरेने दिलेली नव्हती. ती एका पंचवीस वर्षांच्या वादकाने, कोणी नाचत नाही अशा खोलीत, घेऊन पाहिली. पुढल्या वर्षी, २८ जून १९२८ रोजी, ‘वेस्ट एंड ब्लूज’ झाले. जुन्या मंडळींपैकी आता कोणीच उरले नव्हते. पियानोवर अर्ल हाइन्स होता. चाल किंग ऑलिव्हरची. आरंभी मात्र काही सेकंद लुई एकटाच, कोणाच्याही साथीवाचून, असा काही स्वरविलास करतो की त्यात लय आहे आणि ठेका नाही. तीन मिनिटांतील मोजके सेकंद साथ बंद ठेवून खर्च करणे ही व्यवहाराच्या दृष्टीने उधळपट्टीच. ती करण्याचे धैर्य गुत्त्यात झाले नसते.

लिलविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण ग्रंथकारांनी तिच्यावर अन्याय केला आहे. तिचे वादन सामान्य होते असे लिहिण्याची एक रीत पडून गेली आहे. परंतु ऑलिव्हरच्या छायेतून लुईने बाहेर पडावे हा आग्रह तिचा, ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’सारखी रचना तिची, आणि वादकांपैकी शास्त्रोक्त शिक्षण घेतलेली तीच. नगाऱ्यावाचून जो ताफा डगमगला नाही, त्याचा अर्धा भार तिच्या डाव्या हातावर होता.

कोणी म्हणेल, हे सारे एका प्रतिभावंताचे चरित्र झाले, मुद्रणगृहाचे श्रेय काय? त्याला उत्तर म्हणून मी जेली रोल मॉर्टनकडे बोट दाखवीन. त्याचे ‘रेड हॉट पेपर्स’ हेही मुद्रणापुरतेच जमलेले. १९२६ च्या सप्टेंबरात शिकागोत व्हिक्टरसाठी पहिली बैठक, आणि त्यात ओरी व सेंट सिर पुन्हा हजर! परंतु पद्धत अगदी उलटी. मॉर्टन आधी तालमी घेई, कोणी कोठे थांबावे आणि कोठे फुटून निघावे हे ठरवी, आणि तीन मिनिटांची चौकट पुढे धरूनच रचना करी. ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ ऐका. दर काही क्षणांनी वाद्यांची मांडणी पालटते, एकदा बँजो एकटा, एकदा पियानो एकटा, आणि अखेरीस सारे जण मिळून. लुईने मुद्रणगृहात एकट्याचे स्वातंत्र्य शोधले, मॉर्टनने रचनेचा काटेकोरपणा. दोघांनाही ते सापडले. हॉटेलात वाजविणाऱ्या ताफ्याला यांपैकी काय मिळाले असते?

आता जमाखर्च. वादकाला बिदागी मिळे ती एकदाच. तबकडी किती खपली याच्याशी पुढे त्याचा संबंध नसे. मंदीचा तडाखा बसला आणि अमेरिकेतील तबकड्यांचा खप, जो १९२७ साली दहा कोटींच्या घरात होता, तो १९३२ पर्यंत साठ लाखांच्या आसपास कोसळला. लुई जगभर गाजला. इतरांचे काय? ओरी कुक्कुटपालनाकडे वळला. सेंट सिर आपल्या जुन्या, गिलावा करण्याच्या कामावर गेला. जॉनी डॉड्झला टॅक्सीच्या धंद्याचा आधार घ्यावा लागला आणि १९४० साली तो वारला. किंग ऑलिव्हर १९३८ साली सव्हाना शहरी वारला, तेव्हा तो बिलियर्डच्या अड्ड्यावर झाडलोटीची नोकरी करीत होता.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे पॅरिसमध्ये शार्ल दलोने नावाचा तरुण तबकड्यांची यादी करीत होता. कोणत्या तारखेस, कोणत्या शहरी, कोणी कोणते वाद्य वाजविले, ही माहिती कंपन्यांनी लेबलावर दिलेली नव्हती. ती त्याने ऐकून, विचारून, पत्रे लिहून गोळा केली, आणि १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ म्हणून प्रसिद्ध केली. १९४० साली जॉर्ज अव्हाकियन या येल विद्यापीठातील विद्यार्थ्याने कोलंबिया कंपनीकडून हॉट फाइव्हच्या तबकड्या पुन्हा काढविल्या, आणि भांडारात पडून असलेली, कधीच बाजारात न आलेली मुद्रणेही त्याच्या हाती लागली. कंपनीच्या कचेरीला आपल्या कोठीत काय आहे हे ठाऊक नव्हते. ज्या मोलाच्या संगीताचे मोल एका परदेशी यादीकाराने आणि एका विद्यार्थ्याने ठरविले, ते निर्माण करणारे त्या वेळी गिलावे करीत होते.

आपण विचाराल, या सगळ्याचा आमच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९२६ च्या मे महिन्यात आर्मस्ट्राँग शिकागोच्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदातून मुद्रणास बसला, तेव्हा पियानोवर टेडी वेदरफर्ड होता. हा वेदरफर्ड त्याच वर्षी पूर्वेकडे निघाला तो अमेरिकेस जवळजवळ परतलाच नाही. शांघायनंतर तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. ताजमध्येच क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक होता; त्याने १९१३ च्या अखेरीस जेम्स रीझ यूरोपच्या ताफ्यातून व्हिक्टरसाठी वाजविले होते, आणि १९३६ साली मुंबईत त्याच्या स्वतःच्या ताफ्याच्या तबकड्या निघाल्या. या दोघांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली ही मुले. कागदावरचे वाचण्यात तरबेज, आणि कागदाबाहेरचे ती तबकड्यांवरून आणि ताजच्या व्यासपीठावरून उचलत होती. हळदोण्याचा आंतोनियु शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याला तर लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत.

हा चिक पुढे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याकडे, साहाय्यक झाला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्या ट्रंपेटचा आवाज साऱ्या देशाने ऐकला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील व्यवस्था पाहिली म्हणजे शिकागोची आठवण होते. रात्री हॉटेलात वाजविणारी माणसे दिवसा मुद्रणगृहात जमत; गीत पुरे झाले की बिदागी घेऊन पांगत; आणि ज्या वाद्यवृंदाचा नाद लाखो घरांत पोहोचला तो वाद्यवृंद त्या खोलीबाहेर कोठेच नसे. तबकडीवर गायकाचे नाव येई, संगीत दिग्दर्शकाचे येई. स्वरलेखन करणाऱ्याचे, ट्रंपेट वाजविणाऱ्याचे येत नसे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा सबॅस्टियन डिसूझा यांनी कागदावर जे लिहून दिले त्यावाचून त्या काळचे चित्रपटसंगीत जसे आहे तसे झाले नसते, हे जाणकार सांगतात. पण सामान्य श्रोत्याला ती नावे कळण्यास किती वर्षे लागली!

दलोनेने जे केले ते काम आपल्याकडे इंग्रजीत ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांनी, अनेक वृद्ध वादकांना गाठून, निष्ठेने केले आहे. मराठीत ते करावयाचे तर साधने लांब नाहीत. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या शेजारी, कोणाच्या चाळीत, धोबीतलावच्या वा माझगावच्या एखाद्या बिऱ्हाडी, असा एखादा वादक राहून गेला असेल; त्याच्या हातची स्वरलेखनाची बाडे माळ्यावर पडली असतील, तर ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून त्यांवर कोणाकोणाची नावे आहेत एवढे उतरवून घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.